तुळसाच्या नावाचं इरलं

तुळसा गेली हे सदूला चिपळूणला लोहाराच्या दुकानात कळायला हवं होतं, पण तिथे दादूने खरं सांगितलं नाही. सदू कोयतीला धार लावून घेत बसला होता. वाडीतला शेजारी दादू दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "वैनीला बरं नाय. चल." मग कोयती होईपर्यंत तोही थांबला. एस्टीत बसताना दादूने सदूला खिडकीची जागा दिली. दादूला गाडी लागायची, त्यामुळे तो कधी कुणाला खिडकी देत नसे. तेव्हा सदूला कळलं. वाडी येईपर्यंत तो मांडीवरची कोयती कागदात गुंडाळत राहिला.

सकाळी विहिरीवर तिला चक्कर आली होती. पडली ती उठलीच नाही. लोक आले, रडले, जेवून गेले. सदू सांगतील तिथे बसला, सांगतील तेव्हा उठला. तेरावं झालं.

मग आठवडाभराने रत्नागिरीहून पत्र आलं. ग्रामसेवकाने वाचून दाखवलं. दरवर्षी मे महिन्यात रत्नागिरीला हस्तकलेचं आणि डिझाइनचं प्रदर्शन भरायचं, त्याचं ते पत्र होतं. तीन दिवस तिथे बसून इरलं करून दाखवायला सौ. तुळसाबाई सदाशिव गोताड यांना बोलावलं होतं.

त्याचं असं झालं होतं. आदल्या वर्षी तुळसाला डोळे दाखवायला सदू रत्नागिरीला घेऊन गेला होता. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून दोघं प्रदर्शनात शिरली. भिंतीवर एक इरलं उलटं टांगलं होतं आणि त्यात प्लास्टिकची फुलं भरली होती. तुळसा सरळ प्रदर्शन भरवणाऱ्या पेडणेकर बाईंकडे गेली.

"बाई, हे काय केलाव? हे डोक्यावर घ्यायचं असतं. फुलांना काय भात लावायला जायचंय?"

बाईंना हसू आलं. त्यांनी तिचं नाव लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तुम्हीच या. सुलटं कसं असतं ते आम्हाला दाखवा."

तुळसाने ही गोष्ट वर्षभर सांगितली. विहिरीवरच्या बायका कंटाळल्या. "मास्तरीणबाई, आम्हाला पाणी भरू द्या," म्हणायच्या. तिने अर्ज भरला, अंगठा केला, नवीन पातळ घडी घालून ठेवलं.

"येणार नाही म्हणून कळवू ना?" ग्रामसेवकाने विचारलं.

"नको. मी जातो," सदू म्हणाला. "तिच्या नावाचं एक इरलं तिथं लागलं म्हंजे झालं."

इरलं म्हणजे डोक्यापासून पाठीपर्यंत येणारं छप्पर. पावसात भात लावताना माणूस वाकला तरी पाठ कोरडी राहते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्या विणायच्या, त्यांच्यामध्ये पळसाची पानं घालायची आणि कडा बांधून टाकायच्या. कामट्या सदूच्या, पानं तुळसाची. तेवीस वर्षं ही वाटणी होती. ती पानं लावायला बसली की सदू तिच्याकडे पाठ करून पुढचा बांबू फोडायला घ्यायचा.

रत्नागिरीला एका शाळेच्या मोठ्या खोलीत प्रदर्शन होतं. सदूच्या जागेवर पाटी तयार होती, तुळसाच्या नावाची. पेडणेकर बाई हसत आल्या.

"तुळसाबाई कुठायत?"

"वारली."

बाईंनी पाटीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "पाटीवर तुमचं नाव घालून देऊ का?"

"नको. तिचंच ऱ्हाऊ दे."

शेजारी मालगुंडचा भिवा काथ्याची दोरी वळत बसला होता. तो वयाने मोठा होता आणि त्याचं तोंड हातापेक्षा जास्त चाले. पहिल्या दिवशी सदूने दोन्ही जाळ्या विणल्या. लोक येत, बघत, जात. एका बाईने विचारलं, "हे मासे पकडायचं का?" सदू "नाय" म्हणाला. भिवा म्हणाला, "बोल की रे जरा. माझी दोरी बघ, तुझ्यापेक्षा जास्त बोलते."

दुसऱ्या दिवशी सदूने पानं घातली. सकाळीच शहराबाहेरच्या कातळाकडे जाऊन त्याने ती तोडून आणली होती. खालच्या कडेपासून वर, कौलांसारखी एकावर एक. एवढं त्याला ठाऊक होतं. कडा बांधल्या. संध्याकाळी भिवाने तांब्याभर पाणी आणून वरून ओतलं. खाली थेंब आला नाही.

"झालं की रे," भिवा म्हणाला. "उगाच तोंड पाडून बसलायस."

सदू मान हलवून जेवायला गेला. उसळ होती. किती खाल्ली ते त्याला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने इरलं उचललं तर आतून वरचा पंखा दिसत होता. रात्रभर त्या पंख्याखाली पानं सुकून आखडली होती आणि जागोजागी फटी पडल्या होत्या. भिवाने पुन्हा पाणी ओतलं. सगळं खाली आलं.

"ओली लावलीस रे," भिवा म्हणाला. "बायको आधी सुकवत असंल ना? दाबून बिबून?"

सदू खाली बसला. दरवर्षी चैत्रात त्यांच्या अंथरुणाखाली पानं असायची. कुशीवर वळलं की वाजायची. "झोपू देशील का नाय?" म्हणून तो तिच्यावर करवादायचा. ती म्हणायची, "पंधरा दिस कळ काढा." घरात जागा नाही म्हणून ती तिथे ठेवते, असंच तो समजत आला होता.

बारा वाजता बक्षिसं ठरवायला परीक्षक येणार होते. पंधरा दिवस काही त्याच्याजवळ नव्हते. त्याने कडा सोडल्या, पानं काढून बाजूला टाकली आणि रिकाम्या जाळ्या समोर ठेवल्या.

परीक्षक मुंबईच्या कॉलेजातले होते. बाकीच्या वस्तू बघत बघत ते सदूपाशी आले आणि थांबले. त्यांनी एक जाळी उचलून उजेडासमोर धरली, फिरवली. भिंतीवर तिची सावली पडली.

"हे दिव्यावर काय सुंदर दिसेल," ते बाईंना म्हणाले. "या लोकांनी ही पानं घालून उगाच झाकून ठेवलं होतं. आज मला इथे यापेक्षा चांगलं डिझाइन दिसलेलं नाही."

ते पुढे गेल्यावर पेडणेकर बाई मागे राहिल्या. त्यांचे डोळे चमकत होते.

"सदूभाऊ, पहिला नंबर नक्की. पाटी आहे तशीच ठेवू. तुळसाबाईंचं नाव लागेल, पेपरात येईल."

सदूने जाळीकडे बघितलं. मग म्हणाला, "ह्यात तिचं काय हाय?"

"म्हणजे?"

"कामट्या माझ्या हायत. तिची पानं. ती नायत तर तिचं नाव कशाला?"

"मग तुमच्या नावाने देऊ."

"मला दिव्याचं काय येत नाय, बाई. आन् हे इरलं नाय झालेलं."

"घे रे," भिवा मध्ये बोलला. "नाव तर लागतंय ना तिचं? खोटं का होईना."

"ती बघायला आसती तर म्हणाली आसती, पुना उलटं टांगलाव."

भिवाने पुन्हा दोरी वळायला घेतली. सदूने उठून पाटी काढली आणि बाईंच्या हातात दिली. दोन्ही जाळ्या सुतळीने एकत्र बांधल्या, पिशवी उचलली आणि दुपारची गाडी धरली. गाडीत गर्दी नव्हती. हातखंब्याच्या फाट्यापर्यंत त्याला डुलकी लागली, पुढे लागली नाही.

वाडीत दादूने विचारलं, "काय झालं?"

"काय नाय. इरलं झालं नाय."

"मग आता?"

"बघू."

मृगाला पंधरा-वीस दिवस राहिले आहेत. तुळसाला वाडीतल्या पाच जणांनी यंदा इरली सांगितली होती, त्यात दादूचंही होतं. अजून कुणी मागायला आलेलं नाही. सदूने सगळ्यांच्या जाळ्या विणून पडवीत टांगल्या आहेत. पानं लावायची राहिली आहेत.