संपर्क होऊ शकला नाही

ईट गावच्या आशाताईचं, म्हणजे आशा सेविका शिवकन्येचं, अक्षर छापल्यासारखं. बारा वर्षांत तिनं स्वतःचेच काय, आजूबाजूच्या गावांतल्या आशांचेही अहवाल लिहून दिले होते. भाषा ठरलेली. ‘सदर महिलेस’, ‘तात्काळ’, ‘आढळून आले’. घरी ती असं बोलली असती तर नवऱ्यानं कपाळाला हात लावून ताप बघितला असता. पण कागदावर ही भाषा लई कामाची. तिच्यात कधी कुणाचं काही चुकतच नसे.

आज गजराबाईच्या ओसरीवर बसून ती तीच भाषा लिहीत होती.

नऊ दिवसांपूर्वी गजराबाईची सून बाळंत झाली आणि बाळ रडलंच नाही. कळा भर दुपारी सुरू झाल्या. मुलगा रणधीर भूमच्या बाजाराला गेलेला. दवाखान्याची गाडी बोलवायची ती आशाताईनं, हा गावाचा रिवाज. आशाताईचा फोन लागेना. दोन तास गेले. शेवटी शेजाऱ्याच्या जीपमधून नेलं. बाई वाचली तेवढी.

फोन का लागेना, हे शिवकन्येला पक्कं ठाऊक होतं. सर्वेक्षणाचा फॉर्म मोबाइलवर भरायचा, आणि मध्येच कुणाचा फोन आला की भरलेलं सगळं पुसलं जायचं. म्हणून सगळ्याच आशा फोन विमानावर, म्हणजे फ्लाइट मोडवर, टाकून बसत. ‘बाई विमानात बसल्यात’ म्हणून एकमेकींची चेष्टाही करत. त्या दिवशी साठ घरांची माहिती संध्याकाळपर्यंत द्यायची होती. शिवकन्या सव्वाबारा ते अडीच विमानात होती.

“संपर्क होऊ शकला नाही, एवढंच लिही,” तिच्या वरच्या चारुशीला मॅडम सकाळीच म्हणाल्या होत्या. “इथं रेंज नसते हे कुणाला खोटं वाटणारे?”

“आणि विमानाचं?”

“कुठलं विमान? ईटला विमानतळ कधी झाला, बाई? काम टिकवायचंय ना तुला?”

टिकवायचं होतं. शिवाय भीती नुसती कामाची नव्हती. त्या दिवशी रणधीरनं दवाखान्याच्या खिडकीची काच मुठीनं फोडली होती. आत्ता तो आतल्या खोलीत होता. खाट करकरली की शिवकन्येचं पेन थांबायचं.

बाळ दगावल्याचा अहवाल घरच्यांना वाचून दाखवायचा आणि अंगठा घ्यायचा, असा नियम. मॅडम शाईचा डबा उघडून शेजारी बसल्या. शिवकन्येनं एका दमात वाचून टाकलं.

गजराबाईनं सगळं ऐकून घेतलं. “म्हंजी माझा फोन लागला न्हाय, असंच ना?”

“व्हय, मावशी.”

“तेच तर. मला आकडं कुठं कळत्यात? पोरानं तुझं नाव पयलं ठिवलंय, हिरवं बटन दाब म्हणलाय. घाईत म्या दुसरंच कायतरी दाबलं असंल.” तिनं आवाज खाली आणला. “त्यो तेच म्हणतो. आये, तुला एक फोन लावता आला न्हाय. नऊ दिस झालं, बोलत न्हाय माझ्याशी. माझ्या हातचं खाईना.” तिनं अंगठा पुढं केला. “आण, कुठं लावू?”

शिवकन्येनं कागद मागं ओढला.

“काय झालं?” मॅडम म्हणाल्या.

“जरा चुकलंय.”

तिनं कागद उलटा केला. सवयीनं ‘सदर’ लिहिलं, खोडलं. अक्षर तिचं वाटेना. मग नळावर बायकांशी बोलावं तसं लिहीत गेली. मॅडमनी थांबवायला दोनदा तिच्या गुडघ्याला हात लावला. तिनं तो बाजूला केला आणि वाचायला लागली.

“मी शिवकन्या. त्या दिवशी मीच माझा फोन बंद ठेवला होता, फॉर्म पुसला जाईल म्हणून. सव्वाबारा ते अडीच. गजरामावशीनं बरोबर नंबर लावला होता. मी फोन चालू केला तेव्हा तिचे एकोणीस फोन येऊन गेल्याचा मेसेज आला. हे मी कुणाला सांगितलं नाही. मला भ्या वाटत होतं. आत्ताही वाटतंय.”

मॅडमनी डब्याचं झाकण लावलं.

गजराबाईचा अंगठा तसाच अधांतरी. “एकोणीस?”

“व्हय.”

“म्या मोजलं न्हवतं.”

शिवकन्या वाट बघत राहिली. शिवी येईल, नाहीतर थोबाडीत बसेल. दोन्ही तिला चाललं असतं. गजराबाई मात्र तिच्याकडं नुसती बघत होती, आणि त्या बघण्यात माफीचं नावसुद्धा नव्हतं. मग तिनं मान आतल्या दाराकडं वळवली.

“रणधीर, भाईर ये. आशाताई काय म्हणती ते ऐक.”

“मावशी...”

“पयल्यापासून वाच,” गजराबाई म्हणाली. “हाय तसंच. हळू वाच, म्हंजी त्याला नीट कळंल.”

खाट करकरली. पावलं जवळ आली आणि दारात थांबली. वर बघायचा धीर शिवकन्येला झाला नाही. मांडीवर कागद सरळ करून तिनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

“मी शिवकन्या,” ती म्हणाली.