दांड्याला जागा

आडोसा बांधून झाला, पत्रा चढला, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की आपण मोठी माती खाल्ली आहे.

परसातली विटांची भट्टी मी स्वतः रचली होती. लिंपण पावसाने धुपू नये म्हणून तिला भिंती आणि वर पत्रा द्यायचा, एवढंच उरलं होतं. तोंडात वारा शिरू नये म्हणून भट्टीचं तोंड कुंपणाच्या भिंतीकडे ठेवलं होतं. ही भिंत कंबरेएवढी. तीच वर उचलली तर एका बाजूचं काम वाचेल, या हिशेबाने तिच्यावर सिमेंट ब्लॉकचे पाच थर चढवले. सगळं ओळंब्यात. मग मोठ्या कौतुकाने पाव आत सारायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं आणलं, भट्टीच्या तोंडाशी धरलं, आणि दांड्याचं टोक मागच्या भिंतीवर ठक्कन आपटलं. फावडं आठ फुटांचं, मागे जागा पाच फूट.

पत्रेवाला शिडीवरून बघत होता. "काका, चाळीस वर्षं भट्टीवर काढलीत म्हणता, आणि दांडा मोजला नाहीत?"

"तू तुझे खिळे मोज," मी म्हटलं.

"कापून टाका की तीन फूट."

"तुझा हात काप आधी."

तो हसत हसत सामान आवरून गेला. त्याला काय कळणार? आखूड दांड्याने खोल भट्टीत पाव लावायला गेलं तर मनगटावरचे केस जळतात. आणि खरं सांगायचं तर मागची जागा मला कधी मोजावीच लागली नव्हती. बेकरीत माझ्या मागे दादा असायचा. मी भट्टीच्या तोंडाशी, तो मागे ताटं घेऊन. फावडं ओढायच्या आधी मी ओरडायचो, "मागे!" तो बाजूला व्हायचा, मग मी ओढायचो. मागे किती जागा आहे ही काळजी त्याची. चाळीस वर्षांत मी एकदाही वळून पाहिलं नाही.

दादा माझा थोरला भाऊ. या कुंपणाच्या पलीकडे राहतो. नऊ वर्षं आम्ही बोलत नाही.

बायको गेली त्याला दोन वर्षं झाली. मुलगी लांब असते, रविवारी फोन करते. एरवी दिवसभरात मी बोलतो ते बहुतेक स्वतःशीच, आणि तेही चिडून. दुपारी दादा त्याच्या परसात भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसतो. भिंत बुटकी होती तोवर त्याचं टक्कल इकडून दिसायचं. बघायला काही फार देखणं नव्हतं, पण दिसायचं. पहिले दोन थर चढले आणि ते दिसेनासं झालं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ब्लॉक उतरवावेत असंही मनात आलं, पण अहंकार आडवा आला.

वहिनी तेवढी अधूनमधून बोलते. भिंत चढताना बघून म्हणाली होती, "उंच करताय का, भाऊजी? बरंच झालं. यांना सावली होईल." टोमणा होता की नाही, मला अजून समजलेलं नाही.

आता या भिंतीला दांड्यापुरतं भोक पाडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. छिन्नी-हातोडा घेतला. भट्टीच्या तोंडासमोरचा ब्लॉक अर्ध्या तासात फुटला आणि पलीकडे खुर्ची दिसली. रिकामी. भोक बरोबर तिच्या पाठीच्या वर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर आलं होतं.

दांडा आणि दादा हे मला नवीन नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी पीठ जास्त फुगलंय की नाही यावरून आमचं वाजलं. इतक्या फुटकळ गोष्टीवरून. मी रागाने तोंड शिवून घेतलं आणि ओरडलोच नाही. फावडं हिसका देऊन ओढलं. दांडा दादाच्या छातीत बसला, दोन बरगड्या मोडल्या. सगळी बेकरी गोळा झाली. मालकाने विचारलं, तेव्हा मी बेधडक म्हटलं, "मी ओरडलो होतो. याला कमी ऐकू येतं."

लोकांनी विश्वास ठेवला. तेव्हापासून सगळे दादाशी ओरडून बोलू लागले. दुधवाला, नातवंडं, घरात वहिनीसुद्धा. दादाने कुणाशी वाद घातला नाही. फक्त माझ्याशी बोलणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी पेटवली. दुपारी निखारे ओढून काढले, भट्टीची जमीन ओल्या फडक्याने पुसली. खुर्ची रिकामीच होती. दांडा भोकातून निर्धास्त बाहेर काढून मी एकुलता एक पाव आत लावला. भट्टी वीस पावांची आहे. लहान बांधायचं मला सुचलंच नव्हतं.

पंचवीस मिनिटांनी फावडं पुन्हा पावाखाली सारलं आणि वळून भोकातून पाहिलं. टक्कल तिथेच होतं, वीतभर अंतरावर. दादा पेपर वाचत होता.

वहिनीला हाक मारावी म्हटलं, तर पलीकडे चाहूल नव्हती. म्हणजे ओरडायला मलाच हवं होतं. शब्द तोच होता, हजारो वेळा ओरडलेला. पण तो ओरडलो तर दादाला काय आठवेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी उभाच राहिलो. पावाचा वास आधी गोड आला, मग कडवट.

"मागे!"

पेपर खाली आला. खुर्ची फरशीवर खरखरली आणि भोकात नुसतं आकाश राहिलं. मी फावडं ओढलं. पाव वरून तांबूस, खालून कोळसा.

फावडं टेकवून मी भोकाशी गेलो. आत्ता नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं.

"दादा," मी हळूच म्हटलं, "त्या दिवशी मी ओरडलो नव्हतो."

पलीकडून त्याचा आवाज आला, पूर्वीपेक्षा म्हातारा झालेला.

"मोठ्याने बोल. ती आत्ताच बाजारातून आली आहे. तिलाही ऐकू जाऊ दे."

मी भोकाला तोंड लावलं आणि बेकरीत ओरडायचो तसा ओरडलो, "मी ओरडलो नव्हतो! दादाचे कान चांगले आहेत! मी खोटं बोललो!"

आत भांड्यांचा आवाज थांबला. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते धुरामुळे नव्हतं.

"पाव करपला वाटतं," दादा म्हणाला.

"खालून."

"मग वेळेवर ओढायचास."

"तू मागे होतास ना," मी म्हटलं.