हॉर्नच्या घरातला निळा फ्यूज

सकाळच्या चहाला बाबांनी गाडीची चावी टेबलावर ठेवली, एका बोटाने धाकट्याच्या बशीपर्यंत सरकवली आणि म्हणाले, "आजपासून गाडी तू चालवायची. मी मागे बसेन."

धाकट्याचा घास तोंडातच राहिला. आई चहा गाळता गाळता थांबली. बाबा मागच्या सीटवर बसणार, हे ऐकायची घरात कुणाचीच तयारी नव्हती. उभं आयुष्य त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलेलं. गावातल्या अर्ध्या लोकांनी पहिला गिअर टाकला तो बाबांच्या शेजारी बसून.

"का?" थोरलीने विचारलं.

तीच विचारणार. बोलायला लागली तेव्हापासून तिच्या तोंडी हा एकच शब्द जास्त, म्हणून घरात तिचं नाव चौकशी पडलं होतं. आता ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची, पण स्वभावाला औषध नव्हतं.

"गाडीला काही झालंय का?"

"गाडीला काही झालेलं नाही," बाबा म्हणाले. "मला झालंय." आणि चहा अर्धा टाकून खोलीत गेले.

त्या दिवशी चौकशीला सुट्टी होती. धाकटा कामावर बसने जायचा, त्यामुळे गाडी अंगणातच उभी होती. या घरात गाडीच्या तीन पाळ्या होत्या. सकाळी ती बाबांची, वाचनालयात जायला. संध्याकाळी धाकट्याची, बॅडमिंटनला जायला. दुपारी ती कुणाचीच नाही, असं सगळे धरून चालले होते.

चौकशीने चावी फिरवली आणि एकेक गोष्ट तपासायला घेतली. दिवे लागले. वायपर फिरले. रेडिओ मुका. हॉर्न दाबला, तर तोही ढिम्म.

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ फ्यूजची पेटी होती. झाकणाच्या आतल्या बाजूला कुठलं घर कशाचं याची चित्रं आणि फ्यूज ओढून काढायचा एवढासा प्लास्टिकचा चिमटा. शेजारी सुटे फ्यूज ठेवायच्या खाचा होत्या, त्या सगळ्या रिकाम्या. याचं तिला नवल वाटलं, कारण बाबांच्या गाडीत सुटं काही नाही असं कधी होत नसे. तिने चावी बंद करून हॉर्नच्या घरातला निळा फ्यूज ओढून काढला आणि दुकानातलं भिंग डोळ्याला लावलं. आतली पट्टी मधोमध तुटली होती. रेडिओचाही निळाच, आणि तोही तसाच जळलेला.

हॉर्नचा फ्यूज घेऊन ती बाबांच्या खोलीत गेली. त्यांनी तो तळहातावर घेतला आणि बराच वेळ बघत राहिले.

"हा मी परवाच काढला होता," ते म्हणाले. "नवा घातला. आज सकाळी हॉर्न परत बंद. उघडून बघतो, तर तिथे जळकाच. म्हणजे नवा मी फेकून दिला असणार आणि जुनाच परत बसवला. एकदा नाही गं. जेवढे सुटे होते तेवढ्या सगळ्यांचं हेच केलं."

"तुम्हाला नवा बसवल्याचं आठवतंय?"

"तेच तर. चांगलं आठवतंय." बाबांनी चष्मा काढला. "माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. कुलूप लावलं म्हणायचे, आणि दार सताड उघडं. पुढे आम्हाला ओळखेनात. आपण काय केलं हे ज्याला कळत नाही, त्याने स्टिअरिंग धरू नये. रस्त्यावर लोकांची पोरं असतात."

आजोबांचे शेवटचे दिवस तिने पाहिले होते. पण तरीही जो प्रश्न तिला पडायचा तो पडलाच.

"बाबा, पण तुम्हाला हॉर्न कशाला लागतो?"

प्रश्न साधा नव्हता. हॉर्नवर बाबांचा दात होता. हॉर्न म्हणजे गाडीने दिलेली शिवी, असं ते शिकाऊंना सांगत. कुणी उगाच वाजवला, तर त्याला खाली उतरवून गाडीभोवती एक फेरी मारायला लावत. त्यांच्या स्कूलमध्ये रस्त्यावरच्या पाट्या आणि नियम शिकवणारे पाटीमास्तर तर म्हणायचे, या माणसाच्या गाडीला हॉर्न बसवून कारखान्याने पैसे फुकट घालवले. आता पाटीमास्तर बिचारे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. वाचाही गेली होती.

"लागतो," बाबा एवढंच म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

कोपऱ्यावरच्या सुट्या भागांच्या दुकानातून तिने तेवढ्याच अँपिअरचे निळे फ्यूज आणले. एक हॉर्नच्या घरात बसवला, पण त्याआधी काचांवर खुणा करायच्या पेनाने त्याच्या डोक्यावर पांढरा ठिपका काढला. रेडिओचा तिने मुद्दामच तसाच ठेवला. चोर पकडायचा तर घर आवरून ठेवायचं नसतं. हॉर्न एकदा हळूच दाबून पाहिला. वाजला.

चार वाजता तिने पेटी परत उघडली. हॉर्नच्या घरात जळका फ्यूज बसला होता. पांढरा ठिपका रेडिओच्या घरात.

आधी तिला हायसं वाटलं. नवा फ्यूज कुणी फेकून दिला नव्हता, तो नुसता सरकला होता. मग दुसरा विचार आला, आणि तो तिला अजिबात आवडला नाही. सरकवला कुणी?

बाबा नुकतेच दुपारची झोप काढून उठले होते.

"तुम्ही दुपारी गाडीपाशी गेला होता का?"

"नाही." मग जरा थांबून म्हणाले, "मला वाटतं, नाही."

ते "मला वाटतं" तिच्या जिव्हारी लागलं. उभ्या जन्मात हा माणूस "मला वाटतं" म्हणाला नव्हता. डावीकडे म्हणजे डावीकडे, थांब म्हणजे थांब. आणि आता दुपारी आपण कुठे होतो, हे ते मुलीच्या तोंडाकडे बघून ठरवत होते.

संध्याकाळी तिने हॉर्नच्या घरात दुसरा नवा फ्यूज बसवला, त्याच्यावर दोन ठिपके काढले, आणि धाकटा रॅकेट घेऊन निघाला तशी मागच्या सीटवर जाऊन बसली.

"तू कधीपासून बॅडमिंटन खेळायला लागलीस?"

"बघायला येतेय."

"माझा खेळ?" धाकटा खूश झाला. रेडिओ लावला. पहिल्या वळणावर त्याने फोनची वायर काढली, रेडिओच्या खालच्या सॉकेटमध्ये चार्जर खुपसला, आणि रेडिओ अर्ध्या गाण्यात बंद पडला.

"झालं," धाकटा म्हणाला. मैदानापाशी गाडी लावून त्याने चावी काढली, सवयीने खाली वाकला, पेटी उघडली आणि चिमट्याने हॉर्नचा फ्यूज ओढला.

"काय करतोयस?"

"अगं, सॉकेट आणि रेडिओ एकाच फ्यूजवर आहेत. तो सारखा उडतो. मग मी हॉर्नचा काढून इथे घालतो. दोन्ही सारखेच असतात."

"आणि जळका?"

"जळका हॉर्नच्या घरात. जागा रिकामी ठेवायची नाही, बाबाच सांगतात ना. आणि हॉर्न कुणाला लागतोय आपल्याकडे?"

चौकशीला हसावं की त्याच्या पाठीत धपाटा घालावा, कळेना. "बाबांना सांगितलं का नाहीस?"

"एवढ्याशा गोष्टीसाठी त्यांना कशाला त्रास?"

हीच त्या घराची खोड होती. कुणाला त्रास द्यायचा नाही, आपलं आपण निस्तरायचं, आणि वापरलेल्या वस्तूची जागा मोकळी दिसू द्यायची नाही. गुण म्हणून वाढवलेली खोड सगळ्यांच्या मुळावर आली होती.

"पण आज दुपारी तू कामावर होतास," ती म्हणाली.

"मग?"

मग उरलं कोण, हे कळायला चौकशी लागत नव्हती. घरी गेल्यावर ती थेट स्वयंपाकघरात गेली.

"आई, दुपारी रेडिओ ऐकतेस का गाडीत बसून?"

आई लाजली. साठीची बाई, पण कानापर्यंत लाल झाली. "घरात हे झोपलेले असतात. आवाज नको. तिथे कसं, दार लावलं की आपलं राज्य. जुनी गाणी लावतात दुपारची."

"आणि रेडिओ बंद असला की?"

"हॉर्नचा घालते. भुवयांच्या चिमट्याने छान निघतो." आणि वर म्हणाली, "बंद पडलेला मी हॉर्नच्या जागी नीट लावून ठेवते हो. फेकत नाही."

आता एकच "का" उरला होता. कुणी किती का फिरवेना, मुळात फ्यूज उडतो कशाने? चौकशीने चावी काढलेली आहे ना ते बघितलं, सॉकेटचा फ्यूजही बाहेर काढून ठेवला आणि सॉकेटच्या भोकात बॅटरीचा उजेड पाडला. तळाशी काहीतरी चकाकत होतं. तिने दुकानातला बारीक चिमटा घातला आणि चांदीचा कागद बाहेर ओढला. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा, अंगठ्याने चेपून चेपून बसवलेले. चार्जर आत दाबला की तो कागद दोन्हीकडे टेकत होता, आणि फ्यूज उडत होता. तिने कागद नाकाशी नेला. पेपरमिंट.

डॉक्टरांनी बाबांचं गोड बंद केलं होतं. आई त्यांचे खिसे तपासायची, दाराचा कप्पा तपासायची, सीटखाली हात घालायची. सॉकेटचं भोक तपासायचं तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टेबलावर चौकशीने सगळं मांडलं. ठिपक्यांचे फ्यूज, जळके फ्यूज, भुवयांचा चिमटा, चांदीचे कागद. कुणी काय केलं ते सांगितलं. धाकटा मान खाली घालून ऐकत होता, आई साडीच्या काठाशी चाळा करत होती. बाबांनी कागदांकडे पाहिलंही नाही. त्यांनी एक जळका फ्यूज उचलला.

"म्हणजे मी नवाच बसवत होतो?"

"दर वेळी."

"दर वेळी," बाबा म्हणाले. मग उठून बेसिनपाशी गेले आणि तोंड धूत राहिले. नळ बराच वेळ चालू होता. पाणी वाया गेलेलं खपत नसलेली आई गप्प बसली. चेहरा पुसत ते परतले तेव्हा ती म्हणाली, "गोळ्यांचं मी नंतर बघते."

धाकट्याने चावी बाबांच्या बशीपर्यंत सरकवली.

चौकशी शेजारच्या सीटवर बसली, कारण तिचा एक प्रश्न अजून शिल्लक होता. बाबांनी आरसे नीट केले, पट्टा लावला. वाचनालयाचा रस्ता सरळ होता, पण ते आधीच्या गल्लीत वळले. गल्ली इतकी अरुंद की दुसरी गाडी शेजारून निघू नये. तिसऱ्या घराच्या तळमजल्यावर एक खिडकी अर्धी उघडी होती. तिथे गाडीचा वेग कमी झाला.

"पाटीमास्तरांचं घर," चौकशी म्हणाली.

"त्याच्या पलंगाला सुनेने सायकलची घंटी बसवून दिली आहे. हाक मारता येत नाही ना. मी रोज इथून जाताना दोनदा हॉर्न द्यायचो. मग तो घंटी वाजवायचा." बाबा खिडकीकडेच बघत होते. "हॉर्न बंद पडला, आणि मी नुसताच निघून जायला लागलो. आत जाऊन काय सांगणार? त्याची वाचा गेली, आणि आता माझं डोकंही जायला लागलं, असं? त्याला वाटलं असेल, हा गेला, आणि आपल्याला कुणी सांगत नाहीये."

त्यांनी हॉर्न दाबला. दोनदा, आखूड.

खिडकीतून काहीच आलं नाही. बाबांचा हात स्टिअरिंगवरच राहिला. चौकशीला आयुष्यात पहिल्यांदा काही विचारायची भीती वाटली.

मग घंटी वाजली. एकदा. थोडा वेळ शांतता, जणू आतला माणूस खात्री करून घेत होता. बाबांनी परत दोनदा दाबला. आणि मग आतून घंटी सुटली ती थांबेच ना. किणकिण, किणकिण, अंथरुणातला एकच हात चालणारा माणूस जीव खाऊन वाजवत होता. बाबांनी गाडी बंद केली आणि गल्लीच्या मधोमध तशीच उभी ठेवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

मागे एक गाडी येऊन थांबली. थोडा वेळ वाट पाहून तिच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला. मग आणखी एक, चांगला लांब.

चौकशीने बाबांकडे पाहिलं. आता हे खाली उतरणार आणि त्याला गाडीभोवती फेरी मारायला लावणार.

"वाजवू दे त्याला," बाबा म्हणाले.