मशीनचा कोपरा

दवाखान्यातून निघताना नर्सबाईंनी बाळ सुनेच्या हातात दिलं आणि घरच्या सगळ्यांना दारातच थांबवून बजावलं, "बाळाला पाठीवरच झोपवायचं. गादी सपाट आणि कडक. उशी नाही, दुलई नाही, खेळणी नाहीत. धूर नको, ओल नको, अंगावर पडेल असं काही जवळ नको. आणि आई त्याच खोलीत." सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला काय जातंय!

बाळ म्हणजे मुलगी. आणि सून म्हणजे टेलरबाई. गल्ली तिला याच नावानं ओळखायची. घरात मात्र हे नाव कुणाच्या तोंडून चुकूनही निघायचं नाही. समोरच्या खोलीत खिडकीखाली तिचं मशीन होतं, लग्नाआधी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं. पोट मशीनच्या फळीला टेकायला लागलं तरी ती शिवत होती. कळा सुरू झाल्या त्या दिवशीसुद्धा हातातली बाही लावून मगच उठली होती.

घरी आल्या आल्या बाळासाठी जागा शोधायची मोहीम निघाली. पुढे सासूबाई, त्यांच्यामागे सासरे, नवरा आणि धाकटा दीर, आणि सगळ्यात शेवटी बाळाला छातीशी धरून, ओल्या टाक्यांनिशी, पाऊल जपून टाकणारी सून.

आधी नवरा-बायकोची खोली. तिथे पलंगाशेजारी उंच स्टँडवर नवऱ्याची माशांची पेटी. "ही हलवावी लागेल," सून म्हणाली. नवऱ्याचा चेहरा एवढासा झाला. "अगं, मासे हलवले की मरतात. त्यांना धक्का सोसत नाही." बायकोला सोसतो की नाही, हे त्याला कुणी विचारलं नाही.

सासऱ्यांची खोली कोरडी, हवेशीर. पण तिथे सिगारेटचा वास भिंतींत मुरलेला. "मी खिडकीत उभा राहून ओढतो," सासरे म्हणाले आणि खुर्चीत बसले, म्हणजे विषय संपला. दिराच्या खोलीत व्यायामाची सायकल होती. वर्षभर तिच्यावर फक्त ओले टॉवेल व्यायाम करत होते. "ती सुटी होत नाही, वहिनी," दीर म्हणाला. स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल.

राहिला मशीनचा कोपरा. "मशीन काय, हलवता येतं," सासूबाई म्हणाल्या. मासे हलत नाहीत, सायकल हलत नाही, सिगारेट सुटत नाही. या घरात हलणारी वस्तू एकच!

मशीन एकदा या खोलीबाहेर गेलं की परत येत नाही, हे सुनेला स्वच्छ दिसत होतं. ती घाईघाईनं म्हणाली, "आई, बाहेर कशाला? तीन हात सरकवू. बाळ इथे झोपेल, मी शेजारी." नवरा माशांपाशी खोलीत, ती बाळासोबत समोरच्या खोलीत जमिनीवर. कुणाचीच हरकत नव्हती.

आणि खरं सांगायचं तर आठ दिवस छान गेले. लेक रडायला लागली की ती मशीन चालवायची, आणि लेक गप्प! पोटात असताना तिनं दुसरं ऐकलंय काय? घर्रर्र आवाज सुरू झाला की दोन मिनिटांत मुठी सैल पडायच्या. सून मनाशी हसायची. म्हणायची, आता कोण हलवतो माझं मशीन ते बघते.

नवव्या दिवशी दुपारी बाळाच्या गादीवर टाचणी सापडली. अगदी गालापासून वीतभर अंतरावर. सासूबाईंनी ती दोन बोटांत धरून आख्ख्या घराला दाखवली. "लेकराचा डोळा गेला असता! काळीज आहे की नाही तुला?"

रोज काम संपल्यावर सून लोहचुंबक घेऊन गुडघ्यांवर बसून सगळी फरशी पिंजून काढायची. तिनं टाचणी हातात घेतली, उजेडात धरली, आणि तिचा जीव भांड्यात पडला. "ही माझी नाही. माझ्या सगळ्या टाचण्यांना रंगीत मणी असतो. ही बारकी, बिनमण्याची. नव्या शर्टाच्या कॉलरला लावलेली असते ती."

सगळ्यांनी दिराकडे बघितलं. दिराच्या अंगावर नवा कोरा शर्ट होता, घडीच्या रेघासुद्धा मोडल्या नव्हत्या. सकाळी तो बाळाशी खेळायला गादीवर बसला होता. तो भिंतीवरचं घड्याळ बघायला लागला.

सुनेला वाटलं, आता कुणीतरी दिराला बोलेल. बोलल्या त्या सासूबाईच. "कुणाची का असेना. घरात सुया-टाचण्यांचं दुकान मांडलंय म्हणून हे असलं होतं. बाळापेक्षा मशीन मोठं नाही."

नाही म्हटलं तर सून आई म्हणून वाईट. ती नवऱ्याकडे बघत राहिली. "थोडेच दिवस गं," नवरा म्हणाला आणि माशांना खायला घालायला उठून गेला.

संध्याकाळच्या आत मशीन नणंदेच्या घरी पोचलं. "पडून गंजण्यापेक्षा माझ्याकडे चालू राहील, वहिनी," नणंद म्हणाली. टेम्पोत चढवताना फळीचा कोपरा दाराला आपटला. तो ओरखडा सुनेच्या डोळ्यांपुढून गेला नाही.

कोपरा रिकामा झाला. कोरडा, स्वच्छ, उजेडाचा, नर्सबाईंच्या यादीत चपखल बसणारा. आणि त्यात लेक टाहो फोडायला लागली. सगळ्यांनी खांद्यावर घेतलं, टाळ्या वाजवल्या, नवऱ्यानं माशांचे बुडबुडे दाखवले. चार दिवस घराला डोळा लागला नाही. "तिला मशीन हवंय," सून म्हणाली. तिला वाटलं, आता तरी परत येईल.

"मशीन नकोय तिला, आवाज हवाय," सासूबाई म्हणाल्या. "आवाज काय, फोनवर येतो."

नवऱ्यानं बहिणीला फोन केला. अर्ध्या तासात तिच्याकडून मशीनच्या आवाजाचं रेकॉर्डिंग आलं. फोन गादीपासून लांब, टेबलावर ठेवला. घर्रर्र. लेकीच्या मुठी सैल पडल्या. सासूबाई समाधानानं हसल्या, "बघ, झाली की नाही सोय!"

सून ऐकत होती. पट्टा ढिला झालाय. तेल घातलेलं नाही. टाके सुटतायत. तेवढ्यात आवाज थांबला आणि एका बाईचं बोलणं ऐकू आलं. सुनेचंच गिऱ्हाईक, पाच वर्षांपासूनचं. "खांद्यात सैल ठेवा हं."

मग नणंदेचा आवाज, हसत. "ठेवते ना. ते आवळायचं काम आमच्या वहिनीचं."

पुन्हा घर्रर्र.

आता दिवसातून दहा वेळा तो आवाज लावतात. बंद केला की लेक उठते, म्हणून तो संपला की आपोआप पहिल्यापासून सुरू होतो. दर वेळी गिऱ्हाईक खांदा सैल मागतं, दर वेळी नणंद हसते, आणि दर वेळी टेलरबाई गादीशेजारी बसून, लेकीच्या अंगावर हात ठेवून म्हणते, "मी कधीच आवळला नव्हता."

"हळू बोल," आतून सासूबाई म्हणतात. "बाळ झोपलंय."