घराला एकच मत

अबुधाबीच्या त्या मराठी मंडळात घराला एकच मत असे. वर्गणीची पावती ज्याच्या नावाची, हात त्याचा वर. बायको नवऱ्याच्या व्हिसावर, म्हणून पावतीही त्याच्याच नावाची. गणपतीत दोनशे माणसांचा स्वयंपाक बायका करत आणि शुक्रवारच्या सभेत मागच्या रांगेत बसत.

त्या शुक्रवारी प्रश्न मंडळातल्याच अपर्णाचा होता. नवरा तिला मारतो, पासपोर्ट कुलपात ठेवतो. मंडळाने तिच्यासाठी वकिलातीत जावे, असा अर्ज बायकांनी दिला होता.

"घरातली भानगड मंडळात नको," म्हणत राजाभाऊंनी विरोधात हात वर केला. मागे बसलेल्या आपल्या बायकोला, छायाला, त्यांनी विचारलेही नाही. अर्ज एका मताने पडला.

सोमवारी राजाभाऊंच्या ऑफिसात तिथल्याच अमिराती मोझा मॅडम खजूर वाटत होत्या. २००६चा डिसेंबर, त्यांच्या देशातली पहिलीच निवडणूक. मत निवडक लोकांनाच होते, आणि त्या यादीत मोझाबाईंचे नाव होते.

राजाभाऊंनी चेष्टा केली, "मत कुणाला द्यायचं, ते घरच्या साहेबांनी सांगितलं असेल ना?"

"भाऊ आला होता सांगायला. म्हटलं, यल्ला, चल नीघ, तुझं तू बघ. तुमच्या मंडळात छाया कुणाला मत देते?"

"आमच्यात घराला एकच. मी देतो."

"इंडियात बायकांना कधीपासून मत आहे?"

"पहिल्या निवडणुकीपासून."

"मग इथे येताना तिचं मत तुझ्या खिशात कसं गेलं, राजा?"

राजाभाऊंनी ते हसण्यावारी नेले.

घरी आले तर छाया नुकतीच हॉस्पिटलातून परतली होती. "अपर्णाचा जबडा मोडलाय. तारांनी बांधलाय. बोलता येत नाही तिला."

"इतकं असेल, मला काय माहीत?"

"मला माहीत होतं. आपली न् तिची भिंत एक. तिचा नवरा दुपारी जेवायला घरी येतो, तेव्हा तुम्ही ऑफिसात असता. मी ऐकत असते. शुक्रवारी एकदा मागे वळून विचारलं असतं, तर सांगितलं असतं."

 त्याच संध्याकाळी राजाभाऊंनी मंडळाला पत्र लिहिले: बाई असो की पुरुष, प्रत्येकाला एक मत, आणि अर्ज पुन्हा मांडा.

पुढच्या शुक्रवारी मंडळाने नियम बदलला आणि छायाने स्वतःचा हात वर केला. अर्ज मंजूर झाला. मंडळाची माणसे वकिलातीत गेली, तेव्हा कळले की नवऱ्याने अपर्णाला आदल्याच दिवशी भारतात धाडले होते. त्यांची मुलगी मात्र स्वतःकडे ठेवून घेतली होती.

बंधुभगिनींनो, घरात दोघे राहतात, तेव्हा दोघांनी वेगवेगळे पाहिलेले असते. मत एकाचेच मोजले, तर दुसऱ्याने पाहिलेले सभेला कधी कळतच नाही. आणि त्याचा मार तिसरीला बसतो.