उसवायचं काम

"वहिनी, दादाला सांभाळून काडी झालीस. आता आठवडाभर सुटका होतेय, तर त्याची बॅग भरताना रडतेस कशाला?" नणंदेने विचारलं.

"रडत नाहीये. टाके घालतेय."

खरंच घालत होती. नवरा जन्मभर शिंपी. विस्मृतीच्या आजारात बायकोचं नावसुद्धा डोक्यातून गेलं, पण ढिली शिवण दिसली की हात शिवशिवायचे. पडदा, अभ्रा, पायजम्याचा नेफा, हाती लागेल ते तो नखाने उसवायचा. ती शिवायची, तो पुन्हा उसवायचा. शिवाय दार उघडून बाहेर पडेल या धाकाने तिला धड झोप कशी ती नव्हती. परवा ओट्यापाशी उभ्या उभ्या डोळा लागला आणि दुधाचं पातेलं जळलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनीच एका केंद्राचा पत्ता दिला. घरच्यांना उसंत मिळावी म्हणून असे रुग्ण तिथे थोडे दिवस ठेवून घेत. "झोपा आता," बाई म्हणाल्या, "नाहीतर तुमच्या घरात मला दोन पेशंट होतील."

परक्या ठिकाणी याने उसवाउसवी करून शोभा करू नये म्हणून तिने त्याच्या सगळ्या कपड्यांना दुहेरी दोऱ्याने घट्ट टाके घातले. नख शिरेल तर शपथ.

दुसऱ्याच दिवशी केंद्रातल्या ताईंचा फोन. "काका जेवत नाहीत, बसत नाहीत. सारखे दाराशी. असंच राहिलं तर उद्या त्यांना घरी न्यावं लागेल हो."

"हाताला काही चाळा दिलात?"

"रंगवायला चित्रं दिली, ती भिरकावली. नुसता पायजमा चाचपतात, आणि सोडून देतात."

तिने फोन ठेवला. माणसाला एकच काम उरलं होतं, तेही आपण शिवून बंद केलं.

जुन्या चादरी काढून ती मशीनवर बसली. संध्याकाळी नणंद डोकावली. "झोपायचं सोडून हे काय? आणि ही शिवण आहे की गोगलगायीची वाट?"

"मुद्दाम वाकडी घालतेय."

"मुद्दाम कशाला? तुझी नेहमीची चालली असती की."

सकाळी ती गाठोडं घेऊन केंद्रात गेली. न्यायची वेळ आलीच तर म्हणून गाडीवाल्याला फाटकाशी थांबवून ठेवलं. ताईंनी गाठोडं त्याच्यापुढे सोडलं. ती दाराच्या काचेतून बघत राहिली.

त्याने चादर मांडीवर पसरली, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि च्च् केलं. "कोणी शिवलं हे?"

"आहेत ओळखीच्या एक बाई," ताई म्हणाल्या.

"त्यांना म्हणावं, मशीनच्या वाटेला जाऊ नका." पहिला टाका सुटला. ताईंनी घास पुढे केला, तो त्याने मान वर न करता खाल्ला. मग दुसरा.

ताई दाराशी आल्या. "भेटता ना?"

तिचा हात कडीपर्यंत गेला होता. आपल्यावाचून त्याचं अडत नाही, हे जरा लागलंच. पण नाव विसरला तरी परक्या ठिकाणी ती दिसली की तो घरी निघायला चप्पल शोधायला लागायचा, हेही तिला ठाऊक होतं.

"नको. जेवू दे."

गाडीत बसताना नणंदेचा फोन आला. "आणलंस का दादाला?"

"नाही. घरी जाऊन झोपणार आहे. आणि हे बघ, बेल वाजवू नकोस."