आर्या झोपलीय

आसावरीचा पहिलावहिला अल्बम धो धो चालला, आणि तेव्हापासून तिचं डोकं जे फिरलं होतं ते काही केल्या जागेवर येईना.

मराठीत सोल, ते अमेरिकेतलं जीव तोडून गायचं गाणं, गायचं हा तिचा जुना हट्ट. सोल म्हणजे बेंबीच्या देठापासून गायचं, छातीत साठलेलं सगळं ओतून द्यायचं, शेजारीपाजारी काय म्हणतील ते म्हणोत. पण नवऱ्याच्या संशोधनाच्या नोकरीपायी ती चंडीगडला आली, विमानतळाला लागून असलेल्या एअरोसिटीत बिऱ्हाड थाटलं, आर्या झाली, आणि अल्बम रेकॉर्ड झाला तो कपड्यांच्या कपाटात. दोन्ही बाजूंना रजया टांगलेल्या, माइक हँगरला बांधलेला, आणि बाहेर पाळण्यात आर्या. ती उठू नये म्हणून सगळी गाणी कुजबुजत. डोक्यावरून विमान घरघरत गेलं की थांबायचं, ते लांब गेलं की पुन्हा कुजबुजायचं. एवढं करूनही गाणं संपलं रे संपलं की आर्या भोकाड पसरायची. मग पुढचं गाणं आसावरी आणखी हळू म्हणायची.

आणि लोकांना नेमकं तेच आवडलं! कुणी लिहिलं, 'कानाशी बोलणारा संयत सूर.' कुणाला त्यात न बोललेली व्याकुळता सापडली.

"संयत म्हणे! कार्टी उठेल ही धास्ती होती ती," असं ती ज्याला त्याला सांगायची. लोक हसायचे, आणि वर म्हणायचे, किती साधी आहे बघा.

आज संध्याकाळी तिचा पहिला जाहीर कार्यक्रम होता. आज कुजबुजले तर जन्मभर कुजबुजत राहावं लागेल, हे तिला पक्कं कळत होतं. दुपारी तालमीला ती छोट्याशा थिएटरच्या स्टेजवर उभी राहिली, तर आयोजक ग्रेवालजी हात जोडूनच पुढे आले.

"मॅडमजी, टिकट उसी आवाज पे बिके हैं. वही, धीमा वाला."

"ग्रेवालजी, वो मेरा आवाज ही नहीं है."

"ताई, रिस्क नको ना यार," ध्वनीच्या टेबलामागून शंतनू म्हणाला. विद्यापीठात शिकणाऱ्या या नाशिकच्या पोरानंच अल्बमचं मिक्सिंग केलं होतं. "लोक डोळे मिटून ऐकायला येणारेत."

"मग घरीच झोपा म्हणावं!"

तेवढ्यात पहिल्या रांगेतून सासूबाईंचा आवाज आला. कार्यक्रमासाठी त्या कालच सांगलीहून आल्या होत्या, आणि आर्या त्यांच्या मांडीवर होती. "अगं आसावरी, हळू गं बाई. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

झालं. इथेही हळूच!

आसावरीनं माइक घट्ट धरला, डोळे मिटले आणि अल्बममधलं सगळ्यात नाजूक गाणं सगळ्यात वरच्या पट्टीत सोडून दिलं. कपाटातल्या रजया, अडवून धरलेले श्वास, सगळं त्या आवाजातून बाहेर पडलं. शंतनूनं दचकून हेडफोन काढले. मध्येच तिला एकदम आठवलं, आर्या! तिनं घाबरून खाली पाहिलं.

आर्या तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. गालावरून लाळ ओघळत होती.

आसावरीनं गाणं संपवलं. थिएटर शांत झालं. आणि आर्यानं भोकाड पसरलं.

"अगं, थांबलीस म्हणून उठली ती!" सासूबाई तिला थोपटत म्हणाल्या. "गा, गा!"

आसावरी बघतच राहिली. एवढी विमानं घरावरून गेली, तेव्हा ही पोर कधी उठली होती? आणि आपण मात्र त्या कपाटात, शर्टांच्या बाह्यांमध्ये तोंड खुपसून... तिला हसावं की माइक आपटावा कळेना.

"मगर मॅडमजी, टिकट..." ग्रेवालजी पुन्हा पुढे आले.

"ओ भाईसाब," सासूबाईंनी त्यांना तिथंच थोपवलं, "अभी बीच में मत बोलो. बच्ची रोएंगी तो तुम सांभाळेंगे क्या?"

ग्रेवालजींनी त्या लालबुंद, किंचाळणाऱ्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं खुर्चीत बसले. आसावरीनं तेच गाणं पहिल्यापासून धरलं, मघापेक्षाही मोकळं. दुसऱ्या ओळीला आर्याचा हुंदका विरला, तिसरीला मान कलली.

टेबलामागे शंतनूनं तिच्या माइकचा आवाज हळूहळू खाली घेतला. कुजबुजीसाठी लावलेला तो आवाज आता फारच जास्त होत होता.